उंबऱ्यापलीकडच्या मुंग्या

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी आणखी एकदा दुमडली आणि सोप्याच्या फरशीवर गुडघे टेकून ते त्या टोपीनं मुंग्या पुसायला लागले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो द्यायला पुढं पाऊल टाकलं, तर झोपाळ्यावरून माझे थोरले दीर अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जयवंता, पाणी नंतर. आधी पाहुण्यांना पुसू दे. बघू दे, लेक कसं घर ठेवती ते."

जयवंत म्हणजे माझा नवरा. तो खांबाला टेकून खाली बघत होता. समोर खुर्च्यांवर अण्णांचे ओळखीचे दोन व्यापारी बसले होते, चहा पीत.

बाबा गडहिंग्लजहून भर उन्हात आले होते. 'तातडीनं या' एवढाच निरोप होता, म्हणून पोरीला काही झालं की काय या काळजीनं मिळेल ती एस.टी. धरली. तरी येताना रायवळ आंब्यांची पिशवी आणलीच होती. सगळी नोकरी त्यांनी पोस्टमन म्हणून काढली. दुसऱ्याच्या दारात उभं राहायची सवय, पण कुणाच्या दारात असं वाकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती पांढरी टोपी ते स्वतः धुवायचे, भाताची पेज घालून कडक करायचे. घरात कुणी तिला हात लावलेला त्यांना चालत नसे.

दाराजवळच्या फटीपासून आतल्या बोळापर्यंत मुंग्यांची रांग गेली होती. बाबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. मग दाराबाहेर जाऊन टोपी झटकली आणि परत डोक्यावर घातली.

"झालं, अण्णासाहेब," ते म्हणाले. "ल्हान हाय अजून. शिकंल."

"कधी शिकंल? आमची आई गेली आणि घरात मुंग्यांचं राज्य झालं," अण्णा म्हणाले. "अक्षय्य तृतीयेला पंगत हाय आमच्याकडं. तुम्हीपण या. त्या दिवशी घरात एक मुंगी दिसली तर जाताना पोरीला घेऊन जायचं. नीट शिकवा, मग बघू धाडायचं का न्हाई ते. आणि ते आंबे न्या माघारी. आमच्या घरात सध्या गोड वस्तूचं काय होतं ते बघताय न्हवं तुम्ही."

व्यापाऱ्यांतला एक जण हसला. बाबांनी पिशवी उचलली. पायरी उतरताना त्यांच्या टोपीतून एक मुंगी निघाली आणि कानामागून मानेवर उतरली. त्यांना ती जाणवली असणार. पण एका हातात पिशवी होती आणि दुसरा हात त्यांनी माझ्याकडं बघून 'असू दे' म्हणून उचलला होता.

मी तांब्या तसाच धरून उभी होते. तेव्हाच ठरवलं की या माणसाला मी चौघांत मान खाली घालायला लावणार. कसं, ते काही सुचत नव्हतं.

कोल्हापुरात शाहूपुरीत नलवड्यांचं घर आणि मार्केट यार्डात अण्णांची गुळाची अडत. सौद्याला अण्णा आले की बाकीचे गप्प व्हायचे. सुरीनं ढेपेचा तुकडा काढून जिभेवर ठेवला की गूळ कुठल्या गावचा, रस निवळायला भेंडी जास्त पडली की चुना, रसाची काहिली जरा जास्त तापली का, हे ते डोळे मिटून सांगत. दिवसभरात असे किती तुकडे पोटात जात, कुणी बघत नव्हतं. आणि एवढा गूळ घरात असून घरात मुंगी नाही, ही अण्णांची दुसरी मिजास. आल्यागेल्याला ते सांगायचे, "गुळाच्या व्यापाऱ्याचं घर, पण मुंगी दाखवा. आमच्या आईचा हात."

सासूबाई ऐन थंडीत गेल्या. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. थोरल्या जाऊबाई हौसाक्का, त्यांना मोतीबिंदू, चुलीपुढं बसवत नव्हतं. त्यामुळं स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. शिमगा झाला, ऊन तापलं आणि मुंग्या आल्या. बारीक, काळ्या, घाईघाईनं चालणाऱ्या. घरातल्या सगळ्यांच्या लेखी त्या माझ्या माहेरातून माझ्याबरोबर आल्या होत्या.

बाबा गेले त्या संध्याकाळी मी जयवंतला विचारलं, "तुमच्या तोंडात काय मूग होतं?"

"थोरला भाऊ हाय तो. बापाच्या जागी," जयवंत म्हणाला.

"आणि माझा बाप कुणाच्या जागी हाय?"

तो उठून बाहेर निघून गेला. मी मग त्याच्याशी पुढं बरेच दिवस कामापुरतं बोलले. आधी मुंग्या, मग अण्णा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मुंग्यांशी मी वैऱ्यासारखी लढले. फडताळाच्या चारी पायांखाली वाट्या ठेवून त्यांत पाणी भरलं. पण उन्हाळ्यात पाण्यावर धुळीची साय धरते आणि मुंग्या त्या सायीवरून आरामात चालत जातात. हे कळल्यावर रोज सकाळी पाणी बदलून वर चार थेंब रॉकेल सोडायला लागले. फटींत साबण दाबून बसवला. खिडकीच्या कडेला हळद घातली, कोपऱ्यांत कापूर आणि लवंगा ठेवल्या, उंबऱ्यावर मुंग्यांच्या खडूनं पांढऱ्या रेघा ओढल्या. साखरेत बोरिक पावडर कालवून भिंतीच्या कडेनं चिमटी चिमटी ठेवली. गुळाची ढेप पाण्याच्या परातीत पाटावर बसवली, वाटीत जशी महादेवाची पिंड बसवतात तशी. ओटा दिवसातून कितीदा पुसायचे ते माझं मलाच माहीत. चहाचा थेंब शेगडीखाली सांडलेला राहिला तरी मला झोप लागायची नाही.

रांग मोडायची. दुसऱ्या दिवशी वीतभर बाजूला सरकून परत लागायची.

अक्का माझी धडपड बघत होत्या. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "सासूबाई दर शनिवारी मागल्या परड्यात पेरूच्या बुडाशी मूठभर पीठसाखर टाकायच्या. म्हणायच्या, त्यांना भाईर वाढलं की आत येत न्हाईत. ह्यांना ठावं न्हाई ते. ह्यांना वाटतं, सगळी आईची पुसापुशी."

"मग तुम्ही अण्णांना का न्हाई सांगत?"

"आईबद्दल ऐकून घेत्यात व्हय ते?"

मी पेरूच्या बुडाशी पीठसाखर टाकली. तिथल्या मुंग्या जेवल्या. घरातली रांग तशीच राहिली.

शेवटी मी घरातलं सगळं गोड बाहेर काढलं. ढेप दुकानावर पाठवली. आंबे शेजारच्या घरात ठेवले. चहापुरती साखर एका बरणीत घेतली, बरणीचं झाकण फडक्यानं आवळलं आणि ती पाण्यात ठेवली. अण्णांनी दुपारी जेवल्यावर गुळाचा खडा मागितला तर दुकानावरून आणून द्यावा लागला, म्हणून त्यांनी जयवंतकरवी मला दोन शब्द ऐकवले. ऐकवताना तांब्याभर पाणी प्यायले, परत एक मागितला. उन्हाळा बाधतोय, असं अक्का म्हणायच्या. जेवण दोघांचं जायचं, पण अंगाला लागत नव्हतं. सदरे खांद्यावरून उतरायला लागले होते. नव्या वहाणेनं डाव्या अंगठ्याला चावा घेतला होता, ती जखम शिमग्यापासून चिंधीत बांधलेली होती. हे सगळं मी रोज बघत होते, पण माझं लक्ष मुंग्यांकडं होतं.

घरात गोडाचा कण नाही आणि मुंग्या तरी येतात. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस त्या कुठून येतात तेच शोधत होते. जातात कुठं, ते बघितलंच नव्हतं.

सकाळी अण्णा सौद्याला गेले, अक्का देवळात गेल्या, आणि मी रांगेबरोबर चालायला लागले. दाराजवळच्या फटीतून निघून ती सोप्याच्या भिंतीला धरून आली. स्वयंपाकघराच्या दारावरून सरळ पुढं गेली, आत वळलीसुद्धा नाही. बोळ ओलांडला. आणि अण्णांच्या खोलीच्या उंबऱ्याखाली शिरली.

मी तिथंच थांबले. त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर धाकट्या जावेनं डोईवरून पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. त्यांनी मला काही सांगायचं तर जयवंताच्या नावानं सांगायचं, मी अक्कांच्या. खोलीत जायचा तर प्रश्नच नव्हता. अण्णा तिथं असत ते रात्रीच्या अंधारात. झाडलोट अक्का करत, आणि अक्कांना ताटातला भात नीट दिसत नव्हता, मुंग्या कुठून दिसणार? म्हणजे ज्यांना दिसत होतं त्यांनी आत जायचं नव्हतं आणि आत जाणाऱ्याला दिसत नव्हतं. रांगेला काही मर्यादा पाळायची नव्हती, ती गेली होती आत.

मग मीही गेले.

पलंगाखालून ती कोपऱ्यातल्या मोरीकडं गेली होती. मोरीच्या कडेला मुंग्यांचा काळा थर होता. तिथून एक फाटा भिंतीवर चढून खुंटीवर गेला होता. खुंटीवर अण्णांचा रात्रीचा पायजमा लटकत होता. मी तो काठीच्या टोकानं जरा उलगडून बघितला आणि खाली फरशीवर बसले. नंतर मला हसू आलं. एकटीच हसत बसले होते त्या खोलीत.

एखाद्या शहाण्या बाईनं तेव्हाच जाऊन अक्कांना काय ते सांगितलं असतं. मी पायजमा होता तसा राहू दिला, दार ओढून घेतलं आणि पंगतीसाठी गव्हले वळायला बसले. अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर होती. तोपर्यंत मी एकही मुंगी मारली नाही. वाट्यांतलं पाणी वाळलं तरी भरलं नाही. जयवंतला वाटलं, मी हरले. तो म्हणाला, "मी सोडायला येईन तुला. महिन्या-दोन महिन्यांनी अण्णांचा राग उतरला की घेऊन येतो."

"लई उपकार," मी म्हणाले.

पंगतीला अण्णांच्या व्यवसायातली पाच-सात माणसं आली. त्या दिवशी सोप्यात बसलेले ते दोघंही होते. सगळ्यांत वयस्क म्हणजे कागलकडचे दत्ताजीराव रणनवरे, अण्णा त्यांना वाकून नमस्कार करत. बाबाही आले. टोपी नव्यानं धुतलेली होती. काखेत एक मोठी रिकामी पिशवी होती. ते भांडायला आले नव्हते. माझ्या साड्या न्यायला आले होते.

सोप्यात दोन पंगती मांडल्या. आमरस, पुऱ्या, कुरडया, मटकीची उसळ. अण्णांनी आमरसाची दुसरी वाटी संपवली, तिसरी मागितली. आग्रह करत होते, हसत होते. बाबा पंगतीच्या टोकाला, खाली बघून जेवत होते. मी वाढत होते आणि वाट बघत होते.

मुंगी आली. अण्णांच्या पाटाखालून निघून ताटाच्या कडेवर चढली. मागोमाग दुसरी.

अण्णांनी हात थांबवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जयवंता, दिसलं?" मग पंगतीच्या टोकाकडं बघून, "पाहुणे, पिशवी आणलीय न्हवं? जेवा सावकाश. मग भरा."

बाबांचा घास हातातच राहिला.

मी रसाचं पातेलं खाली ठेवलं. बोळातून सरळ अण्णांच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा माझ्या हातात कपडे वाळत घालायची काठी होती आणि काठीवर पायजमा. दोन पंगतींच्या मधल्या जागेत मी तो फरशीवर टाकला, पुढची बाजू वर करून.

"अगं, काय आणलंस हे?" अक्का म्हणाल्या. त्यांना काही दिसत नव्हतं.

"अण्णांचा पायजमा," मी म्हणाले. पदर खांद्यावर आला होता, तो मी वर घेतला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत होते. "बघा अण्णा, मुंग्या कुठं बसल्यात. माझ्या फडताळात न्हाईत, चुलीपाशी न्हाईत. तुमच्या मोरीत हाईत आणि ह्याच्यावर हाईत."

अण्णांच्या शेजारच्यानं ताट मागं सरकवलं.

"माझ्या थोरल्या आत्याच्या लुगड्याला अशाच लागायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारी सांडून खाती. तिला साखरेचा आजार होता. कळलं तवर पाय काळा पडला होता. आधी पाय गेला, मग ती. तुम्ही तांब्यावर तांब्या पाणी पिता, दोघांचं जेवता, तरी सदरा अंगावर ऱ्हात न्हाई. अंगठा शिमग्यापासून बांधलाय. घरातली सगळी साखर मी भाईर काढली, अण्णा. एवढीच ऱ्हायली, ती तुमच्या लघवीत हाय. सगळ्या यार्डाला गुळाची पारख सांगता. तुमची पारख मुंग्यांनी केली."

त्या दिवशी हसलेला व्यापारी आताही फिसकन हसला आणि त्यानं तोंडावर रुमाल घेतला. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला आणि त्यांनी धोतराचा सोगा पुढं ओढून घेतला. ते सगळ्यांनी बघितलं. मग त्यांनी मान खाली घातली.

मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

रणनवरे पाटावर सरळ झाले. "आमच्या मधल्या भावाला असंच झालतं," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलती. अण्णा, ती वाटी खाली ठेव. उद्या सकाळी डॉक्टरकडं जायचं, मी येतो संगं."

अण्णांनी तिसरी वाटी खाली ठेवली.

बाबा उठले, हात धुतले आणि कुणी काही म्हणायच्या आत तो पायजमा उचलून परड्यात घेऊन गेले. मी मागं धावले. त्यांनी तो बादलीत बुडवला, वरून पाणी घातलं. तरंगलेल्या मुंग्या हातानं बाजूला सारत म्हणाले, "पोरी, हे चौघांत सांगायचं नव्हतं."

"मला चौघांतच सांगायचं होतं, बाबा. तुमची टोपी काय एकांतात निघाली होती?"

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझी भीती वाटली असावी, थोडीशी.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अण्णांना घरी सोडलंच नाही. अंगठा आतून सडायला लागला होता. आणखी महिनाभर काढला असता तर पाय घोट्यातून कापावा लागला असता, असं डॉक्टर जयवंतला म्हणाले. अंगठ्याचं टोक गेलं, पाय राहिला. सुया, गोळ्या, आणि गूळ-साखर जन्माची बंद. सौद्याला चव घ्यायलासुद्धा नाही. दवाखान्यात सगळे जण अण्णांना सांगत होते की धाकटीनं वाचवलं तुम्हाला. मला ते ऐकून चीड यायची. मी कुणाला वाचवायला गेले नव्हते. मी त्यांना पाडायला गेले होते, आणि लोक माझ्या हातातून तेवढंही काढून घेत होते.

अण्णा घरी आले त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. पलंगावर ते पाय उशीवर ठेवून बसले होते. शेजारी जयवंत आणि अक्का. जयवंताचं नाव न घेता, थेट माझ्याकडं बघून ते बोलले.

"पथ्याचं सगळं हिच्याकडं द्यायचं," ते म्हणाले.

अक्का दुखावल्या. "मी काय मेले का काय?"

"तू मागितलं की देशील, हौसा. मी रडलो की तू पण रडशील आणि एवढासा खडा काढून देशील. मला माझी जीभ ठावं हाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्याकडं मागून मिळायचं न्हाई. हिला माझी दया येणार न्हाई. काय गं, खरं का खोटं?"

"खरं," मी म्हणाले.

सगळ्या घरात हा एकच माणूस होता, ज्याला त्या दिवशी मी काय केलं ते नीट कळलं होतं. मला राग आला पाहिजे होता. आला नाही. पण सोडणार तर मी नव्हतेच.

"माझी एक अट हाय," मी म्हणाले. "पाय बरा झाला की गडहिंग्लजला यायचं. माझ्या बाबांच्या घरी. कशाला, ते सांगायला नको."

जयवंत म्हणाला, "अगं..." अण्णांनी हात करून त्याला गप्प केलं.

"आणि न्हाई आलो तर?"

"तर अक्का हाईत की. मागितलं की देतील."

अण्णांनी उशीवरच्या पायाकडं बघितलं. मग होकाराची मान हलवली.

मृग लागायच्या आधी आम्ही गेलो. अण्णांच्या हातात काठी, पायात मोठी मऊ वहाण. बाबांची दोन खोल्यांची जागा. दारात अण्णांना बघून बाबांची इतकी धांदल उडाली की त्यांनी सतरंजी उलटी अंथरली. खुर्ची आणायला शेजारी निघाले होते, पण अण्णा काठी टेकत टेकत खाली सतरंजीवरच बसले. दुखत होतं, ते दिसत होतं. बसल्यावर त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि बाबांच्या पायांपुढं फरशीवर ठेवली.

"पाहुणे, माझं चुकलं," ते म्हणाले.

तेवढंच बोलले. त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. बाबांनी ती टोपी खालून पटकन उचलली, फुंकर मारली आणि स्वतःच्या हातांनी अण्णांच्या डोक्यावर ठेवली.

"असं करू नका, अण्णासाहेब. उन्हाळ्यात मुंग्या कुणाच्या घरात होत न्हाईत?" मग आत वळून आईला म्हणाले, "चहा आण गं. चांगला कर."

चांगला चहा म्हणजे आमच्या घरी साखर जास्त. आईनं कप आणला, बाबांनी तो स्वतः अण्णांच्या हातात दिला. वाफेबरोबर गोड वास सगळ्या खोलीत आला. महिन्याहून जास्त दिवस अण्णांच्या जिभेला गोड लागलं नव्हतं. ज्या जिभेवर सगळं मार्केट यार्ड चालायचं ती जीभ. त्यांनी कप तोंडापाशी नेला आणि ते माझ्याकडं बघत होते.

बाबाही बघत होते. "एक घोट घेऊ दे, पोरी," ते म्हणाले. "पहिल्यांदा आलेत आपल्या दारात."

"एकच घोट," अण्णा म्हणाले. "त्यांनी माफ केलंय मला."

"त्यांनी केलंय," मी म्हणाले. "मी न्हाई."

मी कप त्यांच्या हातातून काढून घेतला, दाराबाहेर जाऊन पायरीवर ओतला आणि आत येऊन शेगडीवर बिनसाखरेचा चहा ठेवला. तो घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं म्हातारे दारात वाकून पायरीकडं बघत होते. ओल्या डागाला मुंग्या लागल्या होत्या. बाबा अण्णांना दाखवत होते, रांग कुठून येते ते. अण्णांनी माझ्या हातातला कप घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढचा घेतला.

अण्णा त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, दोन्ही पायांवर. बाबा त्यांच्या आधी गेले, अक्काही. मी रोज त्यांना कारल्याचा रस दिला आणि ते पिईपर्यंत समोर उभी राहिले. दिवाळीला लाडवाचं ताट मी त्यांच्यासमोरून उचलून नेलं, नातवाच्या बारशाला पेढा हातातून काढून घेतला. ते चिडायचे, शिव्या द्यायचे, एकदा भांडं फेकून मारलं. मी जराही ढळले नाही. लोक म्हणायचे, धाकटीसारखं जपणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. ते ऐकून अण्णा माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

ते गेले तोही उन्हाळाच होता. रक्षाविसर्जनाला नदीवर त्यांच्या आवडीचं पान ठेवायचं होतं. बायकांनी भाकरी, वरणभात, भजी असं मांडलं. मी पदरात बांधून आणलेला गुळाचा मोठा खडा त्यांत ठेवला. दुकानात नेऊन, चार ढेपांचा चाखून, सगळ्यांत चांगला निवडला होता.

सगळे लांब जाऊन कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा काही येईना. मी एकटी जवळ गेले. पानावर मुंग्या आल्या होत्या, सगळं बाकीचं सोडून थेट गुळाला लागल्या होत्या. जयवंत लांबून म्हणाला, "झटकून टाक की त्यांना."

मी नाही झटकल्या.